मुरलेल्या वाचकांसाठी नव्या रहस्यकादंबऱ्या : काय वाचलंत, काय अर्ध्यात टाकलंत?

तलावपाळीकर (ठाणे)

आधीच सांगून ठेवतो, खुनी कोण हे इथे कुणीही लिहायचं नाही. आडून नाही, सूचक स्मायली टाकून नाही आणि 'मला तर तिसऱ्याच प्रकरणात कळलं होतं' अशी कॉलर ताठ करूनही नाही.

ख्रिस्तीबाई आणि डॉयल पाठ झालेत, रोहन प्रकाशनाचा फेलूदा (सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह) मुलांच्या नावाखाली स्वतःच वाचून काढलाय, माळ्यावर अर्नाळकर-शिरवळकरांचे गठ्ठे आहेत आणि तरी दुकानात शिरलं की 'नवीन काय आलंय?' हेच तोंडात येतं, अशांसाठी हा धागा. 'रहस्यकथा वाचायला कुठून सुरुवात करू' हा प्रश्न कृपया दुसरीकडे.

माझं म्हणणं असं की गेली पाच-सहा वर्षं आपल्यासारख्यांना फार चांगली गेली आहेत, पण दुकानात पुढे मांडलेल्या पुस्तकांवरून ते कळत नाही. पुढे काय असतं? मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, नाव 'तिचा नवरा' किंवा 'समोरच्या घरातली' या चालीवरचं, आणि पाठीमागे 'शेवटचं पान हादरवून सोडेल' अशी हमी. हादरतो खरे आपण. लेखकाने तीनशे पानं दाबून ठेवलेली गोष्ट शेवटी काढून दाखवली तर कोण हादरणार नाही? मी याला रहस्यकथा म्हणत नाही. पुस्तक संपल्यावर मागे जाऊन पानं चाळली की पुरावा जागोजागी उघड्यावर पडलेला दिसला पाहिजे. आपण त्यावर पाय देऊन पुढे गेलो हे कळून चडफडायला झालं पाहिजे. त्या चडफडीसाठी तर आपण पैसे मोजतो.

ती चडफड सध्या जपानकडून येते. सेइशी योकोमिझोच्या कादंबऱ्या इंग्रजीत आणायला लंडनच्या पुश्किन प्रेसने २०१९ मध्ये सुरुवात केली. पहिली 'द होंजिन मर्डर्स', मूळची १९४६ ची. लग्नाची रात्र, बाहेर बर्फ, बर्फावर पाऊलखूण नाही, अंगणात रोवलेली तलवार आणि मध्यरात्री वाजलेलं कोतो हे तंतुवाद्य. कोसुके किंदाइची हा त्यांचा डिटेक्टिव्ह. चुरगळलेले कपडे, विस्कटलेले केस, डोक्याला चालना मिळाली की डोकं खाजवणार आणि अडखळत बोलणार. त्यानंतर जवळपास वर्षाला एक पुस्तक येतंय. 'द व्हिलेज ऑफ एट ग्रेव्ह्ज' थोडं लांबलंय, तिथे रहस्यापेक्षा गुहांतली पळापळ जास्त. 'द डेव्हिल्स फ्लूट मर्डर्स' (२०२३) मात्र चुकवू नका. युद्धात हरलेल्या देशातलं मोडकळीला आलेलं सरदारघराणं इतक्या बारकाव्याने आलंय की रहस्य नसतं तरी मी वाचलं असतं.

दुसरे युकितो आयात्सुजी. 'द डेकॅगॉन हाऊस मर्डर्स' १९८७ ची. विद्यापीठातल्या रहस्यकथा मंडळाची पोरं एका बेटावरच्या दहा कोनांच्या घरात राहायला जातात, आणि एकमेकांना हाक मारतात ती जुन्या रहस्यकथाकारांच्या नावांनी, एलरी, कार, पो, अगाथा अशी. मग पुढे 'मिल हाऊस' (२०२३), 'लॅबिरिन्थ हाऊस' (२०२४) आणि 'क्लॉक हाऊस' (२०२५). सगळी घरं एकाच चक्रम वास्तुविशारदाने बांधलेली. तुम्ही म्हणाल, १९८७ चं पुस्तक नवीन कसं? आपल्या हातात आत्ता आलं, म्हणून नवीन.

आता लिहिणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रेलियाचा बेंजामिन स्टीव्हनसन. 'एव्हरीवन इन माय फॅमिली हॅज किल्ड समवन' (२०२२) मध्ये निवेदक सुरुवातीलाच रोनाल्ड नॉक्सचे रहस्यकथेसाठीचे १९२९ चे नियम छापतो, मी खोटं बोलणार नाही म्हणतो आणि मृत्यू कुठल्या कुठल्या पानांवर आहेत त्याचे आकडेसुद्धा देतो. एवढं सांगूनही फसवतो. दुसरं पुस्तक डार्विन ते ॲडलेड जाणाऱ्या 'घान' गाडीत घडतं, तेही छान, पहिल्याची सर नाही इतकंच.

आता तुमची पाळी. पुस्तकाचं नाव टाकून पळू नका, का आवडलं ते लिहा.

घोडबंदरवासी (ठाणे)

पाठमोऱ्या बायांबद्दल शंभर टक्के सहमत. पण यादीत रिचर्ड ऑस्मन नाही? 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) पासून पाच झाली, पाचवं 'द इम्पॉसिबल फॉर्च्युन' २०२५ च्या सप्टेंबरात आलं. मध्ये २०२४ ला 'वी सॉल्व्ह मर्डर्स' नावाची वेगळी मालिकाही सुरू केली त्याने, पण माझा जीव पहिल्या चौघांवर.

केंटमधली निवृत्तांची वसाहत, दर गुरुवारी चार म्हातारी माणसं जुन्या न सुटलेल्या खुनांच्या फायली घेऊन बसतात आणि मग एक ताजा खून दारातच येतो. एलिझाबेथ पूर्वी हेरखात्यात, रॉन कामगार पुढारी, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, आणि जॉइस नर्स. जॉइसची रोजनिशी हे ऑस्मनचं खरं कसब. ती केकबद्दल लिहीत असते आणि बोलता बोलता नेमकी कामाची गोष्ट टाकून जाते. आपण केक वाचत राहतो.

नेटफ्लिक्सवर २०२५ मध्ये सिनेमा आला, हेलन मिरेन, पियर्स ब्रॉस्नन, बेन किंग्सले वगैरे. सासूबाईंना दाखवला. त्यांचं मत, "यात काय विशेष? आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर याहून जास्त चौकशा होतात." सिनेमा पुस्तकापुढे फिका आहे हे त्यांनी पुस्तक न वाचताच ओळखलं.

कोडं म्हणून तलावपाळीकरांना ते सैल वाटेल. पण चौथ्या पुस्तकात स्मृतिभ्रंशाचा धागा जिथे जाऊन पोचतो तिथे खून कुणी केला याची मला पर्वाच उरली नाही.

बोका_ए_आझम_नाही

वाखूसा (वाचनखूण साठवली). दहा कोनांचं घर मागवलं.

अनुस्वार (वाशी)

धागा उत्तम, मूळ मुद्द्याशी असहमत.

'पुरावा उघड्यावर पडलेला असला पाहिजे' ही शब्दकोड्याची कसोटी झाली, कादंबरीची नाही. डेकॅगॉनमधली मुलं मला पुस्तक संपेपर्यंत वेगवेगळी ओळखता आली नाहीत. टोपणनावं आहेत, माणसं कुठे आहेत? कोण मेलं हे कळल्यावर मी मागे जाऊन 'हा कुठला बरं' बघत होते. ज्याच्या मरण्याने काही वाटत नाही त्याच्या खुन्याशी मला काय करायचंय?

त्यापेक्षा टाना फ्रेंच वाचा. 'द सर्चर' (२०२०) आणि त्याच्या पुढचं 'द हंटर' (२०२४). शिकागो पोलिसांतून निवृत्त झालेला माणूस आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यात पडकं घर घेऊन राहतो. 'द हंटर'मध्ये एका मुलीचा परागंदा बाप परत येतो आणि डोंगरात सोनं असल्याची हूल उठवतो. अर्धं पुस्तक होईपर्यंत प्रेतसुद्धा पडत नाही. पण त्या पबमधली बोलणी! प्रत्येक वाक्य वरून थट्टा आणि खालून धमकी. कोकणात ज्यांचं गाव आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि तुमच्या जपानचंच उदाहरण घ्या. केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (२००५). खून पहिल्याच प्रकरणात आपल्या डोळ्यांसमोर होतो. कुणी केला, कसा केला, सगळं माहीत. तरी ते पुस्तक खाली ठेवता येत नाही, ते शेजारच्या गणिताच्या मास्तरामुळे. त्या माणसाच्या मनात शिरल्याशिवाय उकल कळतच नाही. त्यावरचा हिंदी सिनेमा 'जाने जां' (२०२३) पाहून 'आम्ही वाचल्यासारखंच आहे' म्हणणाऱ्यांनी मूळ वाचावं.

तलावपाळीकर (ठाणे)

@अनुस्वार, सस्पेक्ट एक्स माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे, तुम्ही तो तुमच्या बाजूने उभा केलात. खुनी माहीत आहे हे खरं. पण लेखक जे लपवतो ते लपवताना एकही खोटं वाक्य लिहीत नाही. पुन्हा वाचून बघा. पहिल्या काही पानांत नदीकाठचं जे वर्णन येतं त्याचा उपयोग आपण फक्त वातावरणनिर्मिती म्हणून करतो. यापुढे लिहीत नाही, नियम माझाच आहे.

मास्तराच्या मनाबद्दल तुमचं बरोबर. तिथे कोडं आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत, म्हणून ते पुस्तक सगळ्यांच्या वर. पण दहातली नऊ पुस्तकं तशी नसतात, आणि मग मला माणूस अर्धवट चालतो, कोडं अर्धवट चालत नाही.

हिगाशिनोचं नवं वाचणाऱ्यांसाठी : गॅलिलिओ मालिकेतलं 'इनव्हिजिबल हेलिक्स' २०२४ मध्ये इंग्रजीत आलं. त्यातला डिटेक्टिव्ह युकावा, त्याच्या चाहत्यांनी वाचावं, इतरांनी नाही वाचलं तरी काही बिघडत नाही. कागा मालिकेतलं 'न्यूकमर' मात्र अनुस्वारना माझ्याकडून भेट. तोक्योच्या निहोनबाशी भागात एका बाईचा खून होतो, आणि पोलीस तपासनीस कागा दुकानादुकानांतून फिरतो. प्रत्येक प्रकरण एक दुकान, प्रत्येक दुकानात कुणीतरी काहीतरी लपवतंय, आणि बहुतेकांचं लपवणं खुनाशी संबंधित नसतंच. सुनेला सासूपासून काहीतरी झाकायचंय, बापाला मुलापासून. राममारुती रोडवर असा हवालदार फिरवला तर खून सुटायला वर्ष लागेल, पण रस्त्यावरची निम्मी भांडणं मिटतील.

सीवूड्स_सेक्टर_माहीत_नाही (नवी मुंबई)

मी पोलिसांशी संबंधित तांत्रिक कामात आहे, त्यामुळे माझं दुःख वेगळं. आजच्या काळात घडणारी रहस्यकथा वाचताना पहिल्या वीस पानांत माझ्या डोक्यात येतं : मोबाइलचं लोकेशन काढा, सोसायटीचे कॅमेरे बघा, फास्टॅगची नोंद काढा, संपलं पुस्तक. म्हणून लेखक पळ काढतात. कुणी बेटावर जातो, कुणी बर्फात, आणि बरेचसे शंभर वर्षं मागे.

मागे जाणाऱ्यांना मुंबई फार आवडते. सुजाता मॅसीची परवीन मिस्त्री (पहिलं पुस्तक २०१८, चौथं 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस' २०२३ मध्ये) ही १९२१ ची वकील. वकील बाई असल्यामुळे पडद्यातल्या विधवांशी तिलाच बोलता येतं, पुरुष पोलिसांना दारातच थांबावं लागतं. पहिल्या पुस्तकाचं सगळं रहस्य या एका गोष्टीवर उभं आहे, आणि हे मला फार पटलं. कोर्नेलिया सोराबजींवरून ते पात्र सुचलेलं. वसीम खानची पर्सिस वाडिया ही स्वातंत्र्यानंतरची पोलीस इन्स्पेक्टर. 'मिडनाइट ॲट मलबार हाऊस' (२०२०) ला ब्रिटनचा ऐतिहासिक रहस्यकादंबरीसाठीचा डॅगर पुरस्कार मिळाला, आणि पाचवं 'सिटी ऑफ डिस्ट्रक्शन' २०२४ चं. नेव्ह मार्चचं 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०) राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला, त्या १८९१ च्या खऱ्या घटनेवरून सुचलेलं.

तिन्ही वाचनीय. तक्रार एकच. मिस्त्री पारशी, वाडिया पारशी, टॉवरचं प्रकरण पारशी. इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांच्या जुन्या मुंबईत मराठी माणूस दिसतो तो हवालदार म्हणून, नाहीतर घरगडी म्हणून. गिरगावातल्या चाळीत एक डिटेक्टिव्ह का राहू नये? शंभर बिऱ्हाडं, एक जिना, सामाईक गॅलरी, कुणाकडे कोण किती वाजता आलं हे सगळ्यांना तोंडपाठ. यापेक्षा चांगलं बंदिस्त नाट्य कुठल्या बेटावर मिळणार?

घोडबंदरवासी (ठाणे)

हवालदाराबद्दल +१. आणि या पुस्तकांत पात्रं एकमेकांना अशा गोष्टी समजावून सांगतात ज्या दोघांनाही जन्मापासून ठाऊक असतात. ते परदेशातल्या वाचकासाठी असतं हे कळतं, तरी टोचतं. याबाबतीत हरिणी नागेंद्र जास्त सहज वाटली. 'द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब' (२०२२), १९२१ सालचं बंगळूर, साडीचा काचा मारून पोहायला उतरणारी कावेरी, जिला गणितं सोडवायला आवडतात. लेखिका पर्यावरणशास्त्राची प्राध्यापक, त्यामुळे शहरातली झाडं नावानिशी येतात. रहस्य हलकं आहे, तापात वाचायला उत्तम.

आणि अबीर मुखर्जी! कलकत्त्याचे विंडहॅम आणि बॅनर्जी चार वर्षं गायब होते, २०२५ मध्ये 'द बर्निंग ग्राउंड्स' घेऊन परतले. जुन्या जोडीला भेटायचं म्हणून घेतलंय, वाचून लिहिते.

जुनी_पेटी (ठाणे, नौपाडा)

सीवूड्सवाल्यांचा चाळीचा मुद्दा वाचून राहवलं नाही. अहो, मराठीत रहस्यकथा एके काळी पावलोपावली होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही नावं आमच्या आळीत देवांच्या खालोखाल होती. पुढे गुरुनाथ नाईक, मग सुहास शिरवळकरांचा फिरोझ इराणी आणि वकील अमर विश्वास. श्रीकांत सिनकर खऱ्या पोलीस तपासांवरून लिहायचे, त्यांची मुंबई चांगलीच ओळखीची वाटते.

पण तलावपाळीकरांच्या कसोटीला यातलं फार थोडं उतरेल, हेही तितकंच खरं. अर्नाळकरांमध्ये कोडं नसे, धडाडी असे. झुंजार कुठून कसा निसटतो हे बघायचं, कुणी मारलं यात कुणाला रस होता? आम्ही भाड्याने पुस्तक आणायचो, भाडं दिवसावर असल्यामुळे एका रात्रीत संपवायचो. त्या वेगासाठीच ती लिहिलेली. मागे जाऊन पुरावा तपासायला पुस्तक हातात राहतंय कुठे, सकाळी परत करायचं असायचं. माझ्या मते मराठीत कोड्याची रहस्यकथा रुजली नाही त्यामागे हे एक कारण आहे. सवय वेगाची लागली आणि लेखकांनीही तेच पुरवलं.

दिवाळीला 'धनंजय' मात्र आजही घेतो. रहस्य, भय, विज्ञान असा ठरलेला फराळ असतो. आणि ठाण्यातल्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासद व्हावं. १८९३ ची संस्था आहे. जुनं वाचायचं तर तिथे विचारा, माळे धुंडाळू नका.

अनुस्वार (वाशी)

काका, भाड्याचा मुद्दा जबरदस्त. पुस्तक किती वेळ हातात राहतं यावर त्यात काय लिहिलं जातं हे ठरतं, असा विचार कधी केला नव्हता. मग आजचे 'शेवटचं पान हादरवेल' वाले म्हणजे विमानतळावरचे अर्नाळकर.

तलावपाळीकर (ठाणे)

अर्नाळकरांचा अपमान आहे हा. ते निदान काही लपवत नव्हते.

दहा_अ (ठाणे ते नेरुळ, रोज)

माझी भर. सेइचो मात्सुमोतोचं 'टोकियो एक्सप्रेस'. मूळ १९५८ चं, पेंग्विनने २०२२ मध्ये नव्या इंग्रजी अनुवादात काढलंय. दीडशे पानांच्या आसपास, येऊन-जाऊन दोन दिवसांत होतं.

समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री मृत सापडतात, प्रेमातून आत्महत्या असं सगळे धरून चालतात. सगळा तपास रेल्वेच्या वेळापत्रकावर. तोक्यो स्टेशनात तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट दिवसभरात फक्त चार मिनिटं दिसतो, एरवी मध्ये कुठली ना कुठली गाडी उभी असते. त्या चार मिनिटांत कुणीतरी कुणालातरी पाहिलं. का पाहिलं? एवढ्यावर पुस्तक उभं आहे. आकृत्या आहेत, वेळा आहेत, आणि तपास करणारा साधा, थकलेला, चिकट माणूस आहे.

हे आपल्याकडे लिहिता येईल का यावर मी ट्रान्स-हार्बरवर उभा राहून बराच विचार केला. आरोपी म्हणणार, 'साहेब, मी आठ-बावीसची वाशी पकडली.' साहेब म्हणणार, 'आठ-बावीस आली कधी?' तिथेच केस बारगळली. जपानमध्ये गाडी वेळेवर येते या विश्वासावर खून करता येतो.

सीवूड्स_सेक्टर_माहीत_नाही (नवी मुंबई)

पण उलटं करून बघा ना. गाडी त्या दिवशी रद्द होती हे फक्त फलाटावर असलेल्यालाच ठाऊक. 'मी आठ-बावीसने गेलो' म्हणणारा आपोआप सापडला. मेगाब्लॉकच्या रविवारी तर हमखास.

दहा_अ (ठाणे ते नेरुळ, रोज)

घ्या, तुम्हीच लिहा. मी प्रस्तावना देतो.

नेरुळची_नांदी

सीवूड्सवाल्यांच्या मोबाइलच्या दुखण्यावर औषध आहे, नाव जॅनिस हॅलेट. तिने पळ काढला नाही. पुस्तकच मोबाइलने आणि ई-मेलने भरून टाकलं. 'द अपील' (२०२१) मध्ये निवेदनच नाही, नुसते ई-मेल, मेसेज, कागदपत्रं. दोन शिकाऊ वकिलांना तो गठ्ठा दिलाय आणि सोबत आपल्याला. गावातली हौशी नाटकमंडळी, एका चिमुरडीच्या औषधासाठी निधी गोळा करणं सुरू, तालमी चालू, आणि कुणीतरी मेलंय. कोण मेलंय हेसुद्धा बराच वेळ कळत नाही.

ज्यांनी हौशी नाटकात काम केलंय (मी केलंय, स्पर्धेच्या नाटकांत) त्यांना यातला प्रत्येक ई-मेल ओळखीचा वाटेल. भूमिका कुणाला मिळाली यावरून रुसलेली ओळ, वर 'खूप खूप अभिनंदन' आणि खाली विष. एक बाई सगळ्यांना लांबलचक मेल लिहिते आणि तिला कुणी उत्तरच देत नाही. उत्तर न आलेले मेल आपण वाचत नाही, आणि हॅलेटला ते पक्कं माहीत आहे. तलावपाळीकर, तुमची चडफड इथे भरपूर मिळेल. अनुस्वार, तुम्हाला माणसंही मिळतील.

पुढची पुस्तकं ('द ट्वायफोर्ड कोड', 'द एक्झामिनर') हुशार आहेत, पण पहिल्याइतकी जिवंत नाहीत. तीच युक्ती दर वेळी जास्त ताणलेली वाटते.

घोडबंदरवासी (ठाणे)

म्हणजे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची निर्यात फाइल प्रकाशकाला पाठवली तर चालेल. पार्किंगवरून खून होण्याइतका मजकूर तयार आहे. शिवाय गेटवरच्या ॲपमध्ये आल्यागेल्याची नोंद, लिफ्टमध्ये कॅमेरा, वॉचमनच्या वहीत फक्त 'डिलिव्हरी' असं लिहिलेल्या तीस नोंदी. बंदिस्त वर्तुळ म्हणतात ते हेच.

सीवूड्स_सेक्टर_माहीत_नाही (नवी मुंबई)

त्या तीस 'डिलिव्हरी' नोंदींतच उत्तर आहे. चेस्टरटनला हे १९११ मध्येच कळलं होतं, पोस्टमन कुणाला दिसत नाही. 'अपील' आजच मागवतो.

फ्लॅट_नंबर_विचारू_नका (खारघर)

उकेत्सुचा उल्लेख कुणीच केला नाही? जपानी यूट्यूबर, पांढरा मुखवटा, बदललेला आवाज, खरा कोण ते जाहीर नाही. 'स्ट्रेंज पिक्चर्स' आणि 'स्ट्रेंज हाउसेस' दोन्ही २०२५ मध्ये इंग्रजीत आली. 'हाउसेस'मध्ये विकायला काढलेल्या घराचा नकाशा आहे आणि त्यात एक अशी जागा आहे जिला दार नाही. पुस्तकात पानोपानी नकाशे, चर्चा त्याच्यावरच. आमच्याकडे नकाशात असलेली जागा ताबा घेताना गायब होते, तिथे नसलेली जागा सापडते, म्हणून जास्तच रस घेऊन वाचलं.

खरं सांगायचं तर 'हाउसेस'चा उत्तरार्ध पटत नाही. नकाशावरून जे तर्क काढतात ते आधी थरारक आणि मग अशक्य होत जातात. 'पिक्चर्स' जास्त नीट बांधलंय. चित्रं नुसती सजावट नाहीत, ती बघावी लागतात. एक चित्र मी मोबाइलवर मोठं करून बघत बसलो आणि खांदेश्वरला पोचलो.

तलावपाळीकर (ठाणे)

उकेत्सुबद्दल तुमच्यासारखंच मत. भयकथेची चटक लावून रहस्यकथेचं बिल देतो. पण सोळा-सतरा वर्षांची पोरं ते वाचतायत, आमच्या घरातलं एक तरी, त्यामुळे मी गप्प.

होरोविट्झ राहिला. 'मॅगपाय मर्डर्स' (२०१६), 'मूनफ्लॉवर मर्डर्स' (२०२०) आणि आता 'मार्बल हॉल मर्डर्स' (२०२५). संपादक सुझन रायलँड, आणि तिच्या हातातल्या हस्तलिखितातला डिटेक्टिव्ह अ‍ॅटिकस पुंड. बाहेरच्या खुनाचं उत्तर आतल्या कादंबरीत. एका किमतीत दोन कादंबऱ्या, आणि दोन्हींच्या उकली एकमेकींत अडकलेल्या. क्रमानेच वाचा, पुढच्या पुस्तकांत मागच्याबद्दल बोललं जातं. तिसऱ्यात आतली कादंबरी थोडी पातळ झालीय असं मला वाटलं, पण बाहेरची सर्वांत चांगली तिसऱ्यातच.

गॅलब्रेथची (म्हणजे टोपणनावाने लिहिणाऱ्या जे. के. रोलिंगची) 'द हॉलमार्क्ड मॅन' (२०२५) ही वीट मी उचललेली नाही. लोकलमध्ये एका हातात धरता येईल अशी आवृत्ती काढतील तेव्हा बघू.

जुनी_पेटी (ठाणे, नौपाडा)

दोन उकली एकमेकींत अडकलेल्या म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांनी टाचणवही घेऊन बसायचं की काय? माझ्यासारख्याला, ज्याचं इंग्रजी वाचन सावकाश आहे, यातलं पहिलं कुठलं?

अनुस्वार (वाशी)

काका, 'टोकियो एक्सप्रेस'. आटोपशीर आहे, माणसं मोजकी आहेत आणि भाषा साधी. दहा_अ यांच्याशी या एका बाबतीत सहमत.

नेरुळची_नांदी

आणि पार्ल्याची लल्ली वाचा. कल्पना स्वामिनाथन यांच्या पुस्तकांतली, साठी उलटलेली, पोलीस खात्यातून बाहेर पडलेली बाई. लेखिका स्वतः शल्यविशारद, त्यामुळे प्रेत बघण्याची नजर वेगळी. पहिली पुस्तकं जुनी झाली, 'मर्डर इन सेव्हन ॲक्ट्स' २०१८ चं, सात कथा. सीवूड्सवाल्यांना हवी ती आजची, आपल्या ओळखीची मुंबई इथे आहे, आणि पारशी असण्याची अट नाही. हलके घ्या.

बोका_ए_आझम_नाही

दहा कोनांचं घर संपवलं. ती एक ओळ. फक्त एक ओळ! नेमकी पान उलटल्यावर. मी शेजारच्या माणसाला पुस्तक दाखवणार होतो, मग लक्षात आलं त्याला काहीच कळणार नाही.

अनुस्वारताई, माणसं पुठ्ठ्याची आहेत हे खरंय, पण ती तशी का आहेत याचाही विचार करा. (नियम मोडला नाही ना?)

तलावपाळीकर (ठाणे)

काठावर आहात.

अनुस्वार (वाशी)

@बोका, हा युक्तिवाद मी पूर्वीही ऐकलाय आणि तो मला अर्धाच पटतो. पात्रं पुठ्ठ्याची असणं युक्तीला सोयीचं आहे, मान्य. पण सोय लेखकाची झाली, मला दोनशे पानं पुठ्ठ्याबरोबरच काढावी लागली.

दहा_अ (ठाणे ते नेरुळ, रोज)

एक आगाऊ शिफारस, शिव्या खायची तयारी ठेवून. रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं 'द टेंटेड कप' (२०२४). काल्पनिक साम्राज्य आहे, समुद्रातून अजस्र प्राणी येतात, आणि सुरुवातीलाच एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून तो मेलेला आहे. डोळ्यांना पट्टी बांधून घरात बसलेली ॲना, आणि पाहिलेलं काहीही न विसरणारा तिचा मदतनीस डिन. तो बघून येतो, ती विचार करते. २०२५ चा ह्युगो पुरस्कार त्याला मिळाला, म्हणजे विज्ञानकथावाल्यांनी पळवलं. पण आत शुद्ध रहस्यकथा आहे.

तलावपाळीकर (ठाणे)

शरीरातून झाड? जादू असेल तर कोडं कसलं? लेखक ऐनवेळी नवी वनस्पती काढेल आणि आपण बघत बसू.

दहा_अ (ठाणे ते नेरुळ, रोज)

नाही काढत, तीच तर गंमत. त्या जगात कुठली वनस्पती काय करते, किती वेळात करते, कुणाला मिळू शकते हे आधी सांगून ठेवलंय, आणि खून त्याच मर्यादेत होतो. योकोमिझोचं कोतो कसं चालतं हे तरी तुम्हाला वाचायच्या आधी कुठे माहीत होतं? तिथे बर्फाचे नियम शिकलात, इथे झाडाचे शिका.

अनुस्वार (वाशी)

तलावपाळीकर, याला उत्तर द्या. आणि ते देईपर्यंत 'क्लॉक हाऊस'ची तुमची प्रत मला मिळेल का? वाशीला कुणी येत असेल तर पाठवा. बदल्यात 'द हंटर' देते, पण पूर्ण वाचायचं, प्रेत पडेपर्यंत पानं उलटत जायचं नाही.

तलावपाळीकर (ठाणे)

झाडाचं उत्तर पुस्तक वाचून देईन, तोवर राखून ठेवतो. 'क्लॉक हाऊस' शुक्रवारी दहा_अ यांच्याबरोबर पाठवतो, ते वाशीच्या जवळूनच जातात. दहा_अ, वाटेत उघडू नका. आत घराचा नकाशा आहे.